पडद्याचे वजन

खारेपाटणचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य प्रथम ताम्रपटाकडे वळतो, आणि ते यथोचितच आहे. कारण दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ ज्या साधनामुळे आपणांस सलग उपलब्ध झाली, तो शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा, रट्टराजाचा तीन पत्र्यांवर कोरलेला दानलेख याच गावी मिळाला, आणि त्याचे वाचन ज्यांनी मुंबईच्या विद्वज्जनांपुढे ठेवले ते बाळशास्त्री जांभेकर येथून फार लांब नसलेल्या पोंभुर्ल्याचे. शिलाहारांचे बलिपत्तन म्हणजेच हे खारेपाटण, असेही काही संशोधकांचे मत आहे. परंतु राजवंश बुडाले म्हणून बाजार बुडत नाही, आणि माझ्या मते या गावाची खरी कैफियत राजांची नसून ओझ्यांची आहे. विजयदुर्गाच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते वाघोटन नदीने आत येत, माल खारेपाटणच्या बंदरी उतरे, तेथून तो बैलांच्या पाठीवर बावड्याच्या घाटाने देशावर चढे, आणि देशावरचा माल त्याच वाटेने खाली येऊन समुद्राला लागे. पुढे नदी गाळाने भरत गेली, गलबते खालीच थांबू लागली, गाडीरस्ते झाले, आणि बंदराचे गाव हमरस्त्यावरचे गाव होऊन बसले. जिन्नस कोणता, यापेक्षा तो किती जड, किती नाजूक आणि किती लांबून आणावयाचा, या प्रश्नांवर ज्या गावाचे नशीब शतकानुशतके ठरत आले, त्या गावी संगणकाचा पडदाही याच प्रश्नांनी तोलला गेला, यात नवल नाही.

संगणकाचा पडदा म्हणजे बाजारच्या बोलण्यात मॉनिटर. त्यातला जुना तो ‘ट्यूबवाला’ किंवा नुसता ‘डबा’; नवा तो प्रथम ‘टीएफटी’, मग ‘एलसीडी’ आणि अखेर ‘एलईडी’. सर्वसाधारण समजूत अशी की, जुना वाईट होता, नवा चांगला निघाला, सबब जुना गेला. ही समजूत मला मान्य नाही. केवळ चित्राच्या गुणावर निवाडा झाला असता, तर निदान आरंभीची काही वर्षे निकाल जुन्याच्याच बाजूने लागला असता. जुना पडदा हरला तो वजनात, विजेत आणि जागेत, आणि त्याच्याबरोबर एक संबंध कसब हरले, ज्याची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडावयाची नाही.

नळीची कुळकथा जुनी आहे. १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने निर्वात काचपात्रातून ऋणाग्रकिरणांची शलाका प्रस्फुरणाऱ्या पडद्यावर पाडून ती चुंबकाच्या योगाने हवी तशी हलवून दाखविली. (त्याला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले खरे, परंतु ते मार्कोनीसमवेत बिनतारी संदेशाच्या कामाबद्दल, जिने पुढे घरोघरच्या संध्याकाळी व्यापल्या त्या नळीबद्दल नव्हे.) संगणकाच्या रंगीत पडद्यात तीच शलाका तीन पदरी होऊन, पंचवीस हजार व्होल्टांच्या आसपासच्या दाबाने ओढली जाऊन, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, सेकंदास साठ ते पंच्याऐंशी वेळा सगळा पडदा नव्याने लिहून काढी, म्हणजे पाहणारास जे अक्षर स्थिर वाटे, ते वस्तुतः क्षणोक्षणी विझत आणि पुन्हा उजळत असे. साठावर ठेवलेला पडदा तीक्ष्ण नजरेच्या माणसास लुकलुकताना दिसे आणि तासाभराने कपाळ दुखू लागे, पंच्याऐंशीवर ठेवला की तोच शांत होई. परंतु बहुतेक यंत्रे साठावरच सोडलेली असत, कारण ही सोय यंत्रात आहे हेच कोणी सांगितलेले नसे. त्याऐवजी लोक पडद्यापुढे काळपट काचेचा ‘फिल्टर’ टांगीत आणि डोळ्यांची काळजी घेतल्याचे समाधान मानीत.

नवा पडदा ज्यावर उभा आहे तो द्रवस्फटिक तर नळीपेक्षाही वयाने वडील. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ १४५.५ अंशांवर वितळून गढूळ होतो आणि १७८.५ अंशांवर दुसऱ्यांदा वितळल्यासारखा निवळतो असे आढळले, आणि त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे हा शोध विद्वानांच्या कुतूहलाचा विषय होऊन पडून राहिला. १९६८ साली अमेरिकेतील आरसीए या कंपनीने, जॉर्ज हाइलमायर यांच्या खटपटीने, या द्रवाचा पडदा जगास दाखविला. परंतु त्या कंपनीचा सारा व्यापार नळ्यांवर चाललेला, तेव्हा स्वतःच्या दुकानापुढे दुसरे दुकान मांडण्याची तिला फारशी उमेद नव्हती, आणि १९७३ साली जपानच्या शार्प कंपनीने हा द्रव खिशातल्या गणकयंत्रात घालून बाजारी आणला. या पडद्याचे मर्म असे की तो स्वतः उजळत नाही. मागे दिवा सतत तेवत असतो; पुढचे लाखो सूक्ष्म कप्पे विजेच्या हुकमाप्रमाणे तो प्रकाश सोडतात किंवा अडवितात; आणि प्रत्येक कप्प्याची जागा कारखान्यातच कायमची ठरून गेलेली असते.

आता ओझ्याकडे येऊ. पंधरा इंची नळीचा मॉनिटर बारा ते चौदा किलोंचा, सतरा इंची सोळा ते वीस किलोंचा, आणि त्याची खोली जवळजवळ रुंदीइतकीच. त्यातही मोजमाप नळीचे धरीत, दिसणाऱ्या पडद्याचे नव्हे, म्हणून पंधरा इंचांचे पैसे मोजणारास प्रत्यक्षात पावणेचौदा इंचच पाहावयास मिळत. हे वजन बहुतांशी काचेचे. आत निर्वात आणि बाहेर वातावरणाचा दाब, तेव्हा काच जाड असल्याखेरीज निभाव लागत नाही. शिवाय त्या उच्च दाबाच्या विजेतून निघणारे क्षकिरण अडविण्यासाठी काचेत शिसे मिसळलेले. असा जिन्नस कोल्हापुराहून करूळच्या किंवा फोंड्याच्या घाटाने, पावसाळ्यात ताडपत्रीखाली, खड्ड्यांच्या रस्त्याने आणावयाचा, म्हणजे आणणाराचे अर्धे लक्ष रस्त्याकडे आणि अर्धे मागच्या खोक्यांकडे. दुसरी वाट मुंबईची. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, आणि त्यानंतर गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात नारळीपाकाच्या वड्या आणि मखराच्या थर्मोकोलसोबत मुंबईच्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेले मॉनिटरही दिसू लागले. वीस किलोंचे ते धूड डब्याच्या दारातून आत घेताना जी हुज्जत होई, ती ज्याने ऐकली आहे त्यास सपाट पडद्याच्या विजयाची कारणे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. सतरा इंची टीएफटी चार ते सहा किलोंचा, काखेत मारून नेता येणारा.

वजनानंतर वीज. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाचा आवश्यक कागद झाला, आणि कोकणातल्या प्रत्येक बऱ्यापैकी बाजारपेठेत, वरच्या माळ्यावर किंवा एखाद्या जुन्या वखारीत, दहाबारा यंत्रांचे वर्ग उभे राहिले. हीच वर्षे भारनियमनाची. शेजारच्या जिल्ह्यात गुहागरजवळचा दाभोळ वीजप्रकल्प २००१ पासून बंद पडलेला, ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण जन्मास आलेली, आणि गावोगावी दिवसातून काही तास वीज नाही, हा नियमच झालेला. सतरा इंची नळी ऐंशी ते शंभर वॅट खाई, टीएफटी तीस-पस्तीस. एका वर्गात दहा नळ्या लावल्या म्हणजे एका किलोवॅटची शेगडीच खोलीत पेटविल्यासारखे होई, आणि मे महिन्याच्या दमट दुपारी विद्यार्थी संगणकापेक्षा पंख्याखालच्या जागेसाठी अधिक झटत. वीज गेली की यूपीएसच्या भरवशावर नळी चार अक्षरे जतन करण्यापुरती तग धरी. परत आली की सगळ्या नळ्या एकदम धप्प असा आवाज करून, चित्र क्षणभर थरथरवून जाग्या होत आणि त्या एकवटलेल्या झटक्याने कधी फ्यूजच उडे. आयात शुल्काचेही आनुकूल्य लाभले. १९९७ साली आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान करारात हिंदुस्थान सामील झाल्यामुळे २००५ पर्यंत संगणकाच्या सामग्रीवरील जकात उठत गेली, आणि टीएफटीची किंमत वर्गचालकाच्या आटोक्यात आली. विजेच्या बिलात जो फरक पडे तो हिशेबात धरला, तर महाग जिन्नसच किफायतशीर ठरे. कोकणी माणसास हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

परंतु चित्राचे काय? येथे निवाडा इतका सरळ नाही. आरंभीच्या सपाट पडद्याचा काळा रंग करडा दिसे, हलते चित्र मागे पुसट शेपूट ठेवून जाई, आणि मान जरा खाली केली की रंग उलटेपालटे होत. एका यंत्राभोवती चौघे बसून शिकणाऱ्या वर्गात कडेच्या दोघांना वेगळाच धडा दिसे. या शेवटच्या दोषावर जो उतारा पडला त्याचे मूळ आपल्याच देशातले आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी, सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह, चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होऊ शकतात हे सिद्ध केले. पुढे जपानी उत्पादकांनी अशाच रेणूंची पातळ फीत पडद्यावर चढवून बाजूने पाहण्याचा कोन रुंदाविला. चंद्रशेखर यांचे नाव मात्र एकाही खोक्यावर छापलेले आढळत नाही.

देवनागरीचा तर स्वतंत्र खटला आहे. नळीच्या शलाकेचा ठिपका कडेला किंचित मऊ, म्हणून वेलांटीची वळणे आणि रफार तीत सहज गोल दिसत. आणि तीत अक्षरे लहान वाटली तर पडदा ८०० गुणिले ६०० वर आणून ती मोठी करता येत, कारण शलाकेस कोठेही लिहिण्याची मोकळीक होती. सपाट पडद्याचे कप्पे मोजके आणि जागच्या जागी खिळलेले. उतारवयाच्या कारकुनाने सवयीप्रमाणे त्यावरही ८०० गुणिले ६०० चा हुकूम सोडला की १२८० गुणिले १०२४ कप्प्यांत ते चित्र ओढूनताणून बसविले जाई, आणि अनुस्वार शिरोरेघेत विरघळे. र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक विंडोजबरोबर घरोघर पोचला, तो याच संक्रमणकाळात. त्याच्या अक्षरांची ठेवण ज्यांना राकट वाटते, त्यांनी तो कोणत्या पडद्यांवर वाचला जावयाचा होता हेही विचारात घ्यावे. सातबाऱ्यावर तर एका टिंबाने शेत फिरते. कोकणातली जमीन हिश्शाहिश्शाने विभागलेली, खातेदारांची यादी पानभर, आणि एकेकाच्या नावे ०.०२.५० असे क्षेत्र. हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांना वेगळे करणारे ते दोन ठिपके स्पष्ट दिसतात की नाही, ही येथे सौंदर्यदृष्टीची बाब नव्हे, वहिवाटीची आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा तो तपासण्यासाठी पडद्यावर बोट ठेवून ओळी वाचणारे वृद्ध खातेदार मी पाहिले आहेत. नळीच्या काचेवर बोट खुशाल टेकविता येई, सपाट पडद्यावर बोट दाबले की भोवती रंगाची वर्तुळे उमटत आणि पलीकडला माणूस ‘काका, हात लावू नका’ म्हणून ओरडे.

हवामानानेही दोघांची वेगवेगळी परीक्षा घेतली. खारी दमट हवा आणि पंचवीस हजार व्होल्ट यांचे सख्य नाही. आषाढात पहिल्यांदा चालू केलेली नळी चुरचुर आवाज करी आणि एक तीव्र वास सोडी, म्हणून जाणती माणसे सुट्टीतही रोज अर्धा तास ती चालू ठेवीत, जेणेकरून स्वतःच्या उष्णतेने ती स्वतःलाच सुकवून घेई. सपाट पडदा थंड, त्याला ही विद्या नाही. शिवाय त्याच्या थरांत उजेडाच्या ओढीने चिलटे शिरतात आणि नेमकी मध्यावर येऊन मरतात. मग तो ठिपका कोणत्याही अक्षरावर, शुद्धलेखनाचे सर्व नियम झुगारून, न मागितलेल्या अनुस्वारासारखा कायमचा बसतो. पुसण्याचा प्रयत्न केला तर तो आणखी फिसकटतो.

आणि आता त्या कसबाविषयी. खारेपाटणच्या पेठेत रेडिओपासून हात बसलेला एक कारागीर नळीचा मॉनिटर कसा उघडी ते मी स्टुलावर बसून पुष्कळदा पाहिले आहे. मागचे आवरण काढल्यावर तो आधी काहीच करीत नसे. मग डावा हात पाठीमागे घेऊन, तार गुंडाळून सांगाड्यास जोडलेला स्क्रूड्रायव्हर नळीच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली सरकवी. टक् असा आवाज होऊन उरलेली वीज जमिनीस मिळे, आणि तेव्हाच त्याचा डावा हात पुढे येई. एवढा विधी झाल्यावर निदान. पडद्यावर एकच आडवी पांढरी रेघ राहिली असेल तर ‘व्हर्टिकल आयसी’ गेला. सगळे पिवळे दिसत असेल तर वायरीच्या टोकातली निळ्या रंगाची पिन वाकली. काहीच दिसत नसेल तर नळीस उच्च दाबाची वीज पुरविणारा ‘एलओटी’ जळाला, किंवा एखादा सांधा ‘ड्राय सोल्डर’ झाला, आणि तो सांधा तो भिंगाने शोधी, कारण सुटलेल्या कथलाभोवती केसाएवढे काळे वर्तुळ दिसते. सुटा भाग कोल्हापुराहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवी, आणि तोवर दुसऱ्या एखाद्या मेलेल्या मॉनिटरातला काढून काम चालवी. वैद्यकी आणि सुतारकी यांच्या मधले हे ज्ञान होते. त्याला परीक्षा नव्हती, पण चूक केल्यास शिक्षा तत्काळ होती.

टीएफटी आला तेव्हा त्या कारागिराने हार मानली नाही. पहिल्या पिढीच्या सपाट पडद्यांत विजेच्या पट्टीवरचे कपॅसिटर फुगत, आणि डोके वर आलेला कपॅसिटर काढून नवा घालणे हे त्याला कठीण नव्हते. मागचा दिवा पेटविणारी इन्व्हर्टरची पट्टीही तो बदली. पण पुढचे पॅनेल हे बंद दार होते. ‘आदीचो उघडलो काय, खय जळला ता डोळ्यांक दिसायचा,’ तो एकदा मला म्हणाला, ‘ह्येका उघडून बघूचा काय, गुरुजीनु?’ नळीच्या भक्तांनी तिच्या चित्राची तारीफ करावी, मी ती काही अंशी मान्य करीन. परंतु तिच्या बाजूने मांडण्याजोगा सर्वांत सबळ पुरावा मला हाच वाटतो की, ती बिघडल्यावर तिच्यात काय बिघडले हे गावातल्या गावात कळत असे.

या उलथापालथीत महाराष्ट्राच्या एका कारखानदारीची शोकांतिकाही दडलेली आहे. औरंगाबादजवळ चितेगाव येथे ज्यांचा पसारा होता त्या व्हिडिओकॉन समूहाने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला. इटली, पोलंड, चीन, मेक्सिको इतक्या देशांतले कारखाने एका मराठवाडी उद्योगाच्या मालकीचे झाले, आणि त्या काळी या गोष्टीचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. तर्क असा असावा की, युरोपने टाकलेली नळी आशिया आणखी कित्येक वर्षे वापरील. तर्क अगदीच निराधार नव्हता, आपल्याकडे नळीचे दूरचित्रवाणी संच पुढेही बरीच वर्षे विकले गेले. परंतु २००७ सरताना जगाच्या बाजारात सपाट संचांनी विक्रीत नळीस मागे टाकले, आणि जुन्या काचेच्या भट्ट्या थंड होऊ लागल्या. समूहाच्या पुढच्या ऱ्हासास इतरही अनेक उद्योग आणि कर्जे कारण झाली, सगळा दोष नळीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जून २०१८ मध्ये मुख्य कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत दाखल झाली. आरसीएने नव्याकडे पाठ फिरविली आणि व्हिडिओकॉनने जुन्याला कवटाळले, दोन्ही व्यवहार त्या त्या वेळी हिशेबाने बरोबरच दिसत होते.

गावात राहिलेल्या नळ्यांची विल्हेवाट निरनिराळी लागली. काहींना बाजारात मिळणारा ट्यूनरचा डबा जोडून लोकांनी दूरचित्रवाणी संच केले आणि क्रिकेटचे सामने पाहिले. बाकीच्या भंगारवाल्याकडे गेल्या. त्याला नळीची काच नको असे; तिच्या मानेभोवती गुंडाळलेले तांबे तेवढे तो काढून घेई, आणि शिसेमिश्रित काच माळावर टाकून देई. १ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम अंमलात आले, ते पुढे २०१६ आणि २०२२ साली नवे झाले, आणि उत्पादकावर जुना माल परत घेण्याची जबाबदारी आली. परंतु जो उत्पादकच बाजारातून उठला आहे त्याचा माल कोणी परत घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर माळावरच्या काचेस मिळालेले नाही. सपाट पडदेही निष्पाप नाहीत, जुन्या पिढीच्या दिव्यांत थोडा पारा असे. एलईडी आल्यावर तो गेला.

त्या कारागिराच्या दुकानात आता मुख्य काम मोबाईलचे, त्याखालोखाल सीसीटीव्हीचे. मॉनिटर आलाच तर पट्टी बदलून तो चालू होतो का एवढे पाहतात. पॅनेल गेले असेल तर गिऱ्हाइकाला सरळ नवा घ्यावयास सांगतात, कारण सुट्या पॅनेलची किंमत नव्या मॉनिटरच्या किमतीला येऊन भिडते, आणि तेही कणकवली-कोल्हापूर सोडून पुढूनच मागवावे लागते.